हाक दिल्याशिवाय उतरायचं नाही

“यांना कशाला शिबिर? यांचं घरच डोंगरात आहे.”

अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळांमधल्या मुलांसाठी आम्ही काही मित्रमंडळी डोंगरातलं शिबिर घेतो, असं कुणाला सांगितलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा माणूस भला असतो. त्याने रतनगडाच्या वाटेवर डोक्यावर मोळी घेऊन पळत उतरणारी पोरं पाहिलेली असतात, आणि त्याच वाटेने तो स्वतः बसून, घसरत उतरलेला असतो. बाळहिरड्याच्या हंगामात ही पोरं झाडाच्या शेंड्यापर्यंत जातात. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला जायचं, तर १६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर पायात काही न घालता चढून जेवायच्या वेळेला घरी परत. यांना नाशिक-पुण्याच्या लोकांनी येऊन डोंगर शिकवायचा, म्हणजे जरा अतीच झालं.

आक्षेप निम्मा खरा आहे. म्हणून आमच्या शिबिरात कळसूबाई नसते, आणि झाडाला मिठी मारायला लावणारं सत्रही नसतं. (एका वर्षी एका पाहुण्याने ते घेतलं होतं. मुलांनी मुकाट्याने मिठ्या मारल्या. नंतर एकाने विचारलं, सर, हे झाड तोडणार आहेत का?)

उरलेला निम्मा आक्षेप मात्र तपासून बघण्यासारखा आहे. डोंगरातलं मूल आता खरंच डोंगरात असतं का? राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत आणि साधारण तितक्याच अनुदानित. मूल सहा वर्षांचं झालं की तिथे येतं, आणि दिवाळी नि मे महिना सोडला तर बहुतेक वेळ तिथेच असतं. जुलैत घरी भाताची आवणी चालू असते तेव्हा ते पत्र्याखाली पाढे म्हणत असतं. पहिल्या पावसानंतर चाई, कुर्डू वेचायला आजी रानात जाते, तेव्हा सोबत नात नसते. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी वाचणाऱ्या नववीतल्या मुलाला शाळेच्या कुंपणापलीकडची भाजी ओळखता येत नाही, असं आम्ही पाहिलेलं आहे. शाळेची गरज नाही असं मी मुळीच म्हणत नाही. शाळा नसती तर त्यातली निम्मी मुलं आईबापांबरोबर नारायणगावच्या मजूर बाजारात उभी असती. पण शाळेत घातल्याची काही किंमत मोजावी लागते, आणि ती कुणाच्या हिशोबात धरलेली नसते.

तरीही रानभाज्या हा आमच्या शिबिराचा मुख्य विषय नव्हे. तो आजीचा विषय आहे, आणि ती आमच्यापेक्षा बरी शिकवते.

असल्या शिबिरांची सुरुवात जिथे झाली तिथली गोष्ट मला फार आवडते. कुर्ट हान हा जर्मन शिक्षक. ज्यू. हिटलरविरुद्ध उघड बोलल्यामुळे १९३३ मध्ये देश सोडून ब्रिटनला आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये मालवाहू बोटी बुडवत होत्या. ब्लू फनेल या जहाज कंपनीचा मालक लॉरेन्स होल्ट याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. बोट बुडाल्यावर जीवरक्षक होडीत जे पोचत, त्यांच्यात तरणीबांड पोरं आधी हाय खात, आणि शिडाच्या जहाजांवर आयुष्य काढलेले म्हातारे खलाशी टिकून राहत. ताकद पोरांकडे जास्त होती. कमी पडत होता तो आपण निभावून नेऊ हा अनुभव. मग १९४१ साली वेल्समधल्या अॅबरडोव्ही या किनाऱ्यावरच्या गावी दोघांनी मिळून शाळा काढली. तीच आउटवर्ड बाउंड. समुद्र हे तिथलं साधन होतं, शिकायचं होतं ते वेगळंच.

ही गोष्ट मी मुलांना सांगते, तेव्हा त्यांना पाणबुडीत जास्त रस असतो. मला मात्र दरवेळी वाटतं की आमच्याकडे गणित उलटं आहे. इथल्या मुलाने निभावून नेण्याचा अनुभव लहानपणीच पोटभर घेतलेला असतो. आठ वर्षांची मुलगी दोन धाकट्या भावंडांना घेऊन ओढा ओलांडून येते. पण तिला काय वाटतं हे बाहेरच्या जगातलं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी ती सांगत नाही. वर्गात उभं केलं तर नजर जमिनीवर. ‘सर’ म्हणतील ते बरोबर. ‘साहेब’ म्हणतील ते तर बरोबरच बरोबर. धीटपणा आणि बोलकेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला या मुलांनी शिकवलं. तीस फूट उंच झाडावर सहज चढणारा मुलगा, पायाखालचा दगड हलतोय हे प्रशिक्षकाला सांगायला लाजतो. आणि डोंगरात माणसं मरतात ती बहुतेकदा अशा न सांगितलेल्या गोष्टींमुळे.

म्हणून आमच्याकडे रोपला, म्हणजे दोराला, महत्त्व. शाळेमागे साधारण चाळीस फुटांचा एक कातळ आहे. त्यावरून रॅपलिंग करायचं, म्हणजे दोराच्या आधाराने खाली उतरायचं. उतरणारा ज्या रोपवरून उतरतो, त्याखेरीज त्याच्या कमरेला दुसरा एक रोप असतो, आणि त्याचं टोक वर नीट बांधून बसलेल्या माणसाच्या हातात असतं. हा ‘बिले’ देणारा, म्हणजे उतरणाऱ्याला दोराने सांभाळणारा. उतरणाऱ्याचा हात सुटला, चक्कर आली, काहीही झालं तरी याने रोप आवळला की तो जागच्या जागी लटकतो. उतरण्यात थरार आहे, फोटो आहे. पण खरं काम वर बसलेल्याचं, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. आमच्या शिबिरात पहिले दोन दिवस कुणीही उतरत नाही. फक्त गाठी आणि बिले. मुलं वैतागतात. गाठी त्यांना आमच्याइतक्याच लवकर येतात, बैलाचं दावं बांधणाऱ्या हाताला बोलाइनची गाठ शिकवायला फारसा वेळ लागत नाही.

हाका ठरलेल्या आहेत. उतरणारा विचारतो, “धरलं?” वरून उत्तर येतं, “धरलं!” मग, “उतरू?” आणि वरून परवानगी आली की मगच पाऊल मागे टाकायचं. मुलं आपापसात “उतर!” म्हणतात. बरोबर आलेल्या शिक्षकांनीही उतरायचं, आणि त्यांचा बिले विद्यार्थ्यांनीच द्यायचा, असा आमचा नियम आहे. तेव्हा मोठा पेच पडला. सरांना “उतर” कसं म्हणायचं? शेवटी “उतरा सर!” यावर तडजोड झाली.

त्या दिवशी बिलेवर नववीतली एक मुलगी होती. बुटकीशी, लाल रिबिनीत दोन वेण्या, हेल्मेट कपाळावर घसरतंय. उतरायला गणिताचे सर. चांगला माणूस, मुलांवर जीव आहे, पण वर्गात आवाज असा की खिडक्या हलतात. सरांनी “धरलं?” विचारलं, तिने “धरलं” म्हटलं ते आमच्यापर्यंतही पोचलं नाही, आणि सर आपले मागे झुकून उतरायला लागले. एक पाऊल गेले आणि थांबले. रोप पुढे येईना. त्यांना वाटलं कुठे अडकला. वर बघतात तर मुलीने दोन्ही हातांनी आवळून धरलेला.

“काय गं, सोड की.”

ती गप्प. चेहरा घामाने डबडबलेला. आमचा प्रशिक्षक पुढे व्हायला लागला, त्याला मी मागे ओढलं. बराच वेळ गेला. मग ती खाली बघतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सर, मी उतरा म्हणलं नव्हतं. वर या.”

सर वर आले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता काय होतं म्हणून. त्यांनी कातळाच्या काठावर पाय जुळवले, घसा खाकरला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, “धरलं?” खाली उभ्या असलेल्या पन्नास पोरांमध्ये त्या क्षणी जो जल्लोष झाला, तो कुणी सामना जिंकल्यावरही ऐकला नसेल.

जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवन कौशल्यांची यादी केली. आपल्याकडच्या शिक्षकांना ती प्रशिक्षणात पाठच करून घेतलेली असते: स्व-जाणीव, समानुभूती, निर्णयक्षमता, परिणामकारक संप्रेषण, ताणतणावांचं समायोजन वगैरे. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलीही असते, बहुधा स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बाजूला. यादीत चूक काही नाही. पण ‘परिणामकारक संप्रेषण’ वहीत पाच ओळींत लिहिण्याने येत असतं, तर आपल्या सगळ्या कचेऱ्या गोड बोलल्या असत्या.

शिकवणं एकाच दिशेने होत नाही हे सांगायला एक झोळी पुरेशी आहे. जखमीला न्यायचं स्ट्रेचर कसं करायचं हे आमचा प्रशिक्षक दाखवत होता: दोन बांबू, त्यात ओवलेले तीन-चार टी-शर्ट, वर आडवा माणूस. पुस्तकातली पद्धत, आणि चांगली आहे. कुमशेतकडचा एक मुलगा मागे उभा राहून मान हलवत होता. बोल म्हटल्यावर म्हणाला, “पाथऱ्याच्या वाटेला हे वळणार नाही.” मग त्याने एकच बांबू घेतला, शाळेतली चादर दोन्ही टोकांना बांधून झोळी केली, मित्राला आत घातलं, आणि पुढे एक-मागे एक असे दोघे जण ती घेऊन झाडीतून वळणं घेत निघाले. त्याच्या आजीला असंच खाली रस्त्यापर्यंत नेलं होतं. अरुंद पायवाटेवर दोन बांबूंचं स्ट्रेचर खरोखरच वळत नाही. पण झोळीत माणूस कमरेत वाकतो, आणि पडून पाठीच्या कण्याला इजा झाली असेल तर तेच घातक ठरतं. हे त्या मुलाला माहीत नव्हतं, आम्हाला वळण माहीत नव्हतं. अर्धा दिवस त्यावर वाद झाला. तो आमच्या शिबिराचा सर्वांत चांगला अर्धा दिवस असावा.

सापाचं सत्र मात्र दरवर्षी कठीण जातं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे मुलं चित्रावरून क्षणात ओळखतात. चावल्यावर घट्ट बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, हात-पाय हलू न देता शक्य तितक्या लवकर प्रतिसर्पविष मिळेल अशा दवाखान्यात न्यायचं, हेही पाठ होतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश धड दिसतही नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून सांगतात, हे ऐकताना वर्गात चुळबुळ थांबते, कारण प्रत्येकाला घरातली किंवा शेजारची एखादी गोष्ट आठवते. अडचण यापुढे आहे. रात्री अकरा वाजता आजोबा म्हणतात, आधी भगताकडे. तिथे नववीतल्या पोराने काय करायचं? आजोबांना उलटून बोलायचं?

यावर आम्ही नाटुकलं बसवायला सांगितलं. भगताचं काम करणाऱ्या मुलाने अंगारा, घुमणं, जांभया सगळं असं हुबेहूब केलं की सत्र तिथेच आटोपतं की काय असं वाटलं. एका गटाने आजोबांना शास्त्र समजावलं. आजोबा झालेल्या मुलाने त्यांना काठी उगारून हाकललं, आणि तेच खरं होतं. मग एका मुलीने तोडगा काढला. “भगतालाच गाडीत घ्यायचं. मंतर वाटेत म्हणू दे.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. आरोग्य खात्याच्या कुठल्याही पोस्टरवर इतका शहाणा सल्ला मी वाचलेला नाही. कुणाचा अपमान नाही, वेळ वाया नाही, आणि पेशंट दवाखान्यात.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर समाजाची वाडी, इर्शाळगडाच्या पायथ्याशी, गाडीरस्ता नाही. यंत्रं वर नेता येईनात, पावसामुळे हेलिकॉप्टर उडेना. आसपासचे गावकरी, गिर्यारोहक आणि बचाव पथकं चिखलातून चालत वर गेली. वर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचा मृत्यू झाला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि काही दिवसांनी शोध थांबला. अशा ठिकाणी बाहेरची मदत यायला कितीही घाई केली तरी तास जातात; पहिल्या तासात असतात ते शेजारचे. मग त्या शेजाऱ्यांनाच प्रथमोपचार, रोप, धोक्याची चिन्हं, फोन लागेल अशी जागा हे सगळं का माहीत नसावं? दरडीच्या छायेतल्या वाड्यांमध्ये हे शिकवायला एव्हरेस्टइतका खर्च येत नाही.

एव्हरेस्टचं नाव घेतलंच आहे तर तेही बोलून टाकते. २५ मे २०१४ रोजी मालावथ पूर्णा ही तेलंगणातल्या शेतमजुराची मुलगी चौदा वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस बाकी असताना एव्हरेस्टवर पोचली. बरोबर आनंद कुमार हा सोळा वर्षांचा मुलगा. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी, भोंगीरच्या किल्ल्याच्या कातळावर शिकलेले. चार वर्षांनी आपल्या आदिवासी विकास विभागाने ‘मिशन शौर्य’ काढलं, आणि मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधले पाच जण शिखरावर होते: मनीषा धुर्वे, कविदास काटमोडे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, विकास सोयाम. त्या बातमीने आमच्या अकोले तालुक्यातल्या पोरांच्या माना कशा वर झाल्या ते मी पाहिलंय, त्यामुळे या मोहिमांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. मात्र पूर्णा पोचली त्याआधी जेमतेम पाच आठवडे, १८ एप्रिलला, डोंगराच्या नेपाळकडच्या बाजूला हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले, हेही त्याच डोंगराचं त्याच हंगामातलं वास्तव. दुसऱ्यांचं सामान वाहताना गेले ते.

शेर्पांची गोष्ट आमच्या मुलांना पाणबुडीपेक्षाही जवळची वाटते. जन्म डोंगरातला, दम दांडगा, आणि तरी कित्येक पिढ्या ओझी वाहण्यात गेल्या. गिर्यारोहणाचं रीतसर तंत्र त्यांना शिकवायला हवं हे बाहेरच्यांच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. एव्हरेस्टच्या पायथ्याकडच्या खुंबू भागातल्या फोर्त्से गावात त्यांच्यासाठी गिर्यारोहणाची शाळा उभी राहिली ती या शतकात. आणि जानेवारी २०२१ मध्ये हिवाळ्यातला के-टू, म्हणजे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं उंच शिखर, पहिल्यांदा सर झाला तेव्हा वर उभे असलेले दहाही जण नेपाळी होते, स्वतःच्या मोहिमेवर, स्वतःच्या नावाने.

आमच्या तालुक्यात हीच गोष्ट लहान मापात चालू आहे. सांदण दरीमुळे साम्रदला शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात. मे-जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला एवढी गर्दी की काजव्यांनीच टॉर्च लावून पळावं. गावातली पोरं चुलीवरचं जेवण देतात, तंबू लावतात, वाट दाखवतात. रोप मात्र पुष्कळदा शहरातून आलेल्या ग्रुपच्या पोराकडे, आणि पैशाचा मोठा वाटाही त्याच्याबरोबर परत जातो. आता स्वतःचे रोप, हार्नेस घेतलेले स्थानिक तरुण दिसायला लागलेत, ही चांगली गोष्ट. पण २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानंतर नोंदणी, प्रशिक्षित मार्गदर्शक, प्रथमोपचार, विमा असं सगळं रीतसर असावं लागतं. असायलाच हवं, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. प्रश्न इतकाच की रीतसर व्हायची वाट अकोल्यातून कशी जाते.

पालकसभेत एका बापाने हे एका वाक्यात विचारलं. “ताई, या दोरखंडावर पोरगी पोट भरंल का?” मी त्यांना हिशोब सांगितला. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स जवळपास महिन्याचा. फी, रेल्वे, बूट, थंडीचे कपडे, वैद्यकीय दाखला. अर्ज ऑनलाइन, इंग्रजीतून. शिवाय त्या महिन्याची मजुरी बुडणार, हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. नारायणगावला दिवसाची मजुरी काय मिळते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केलेला मला दिसला. बुडालेल्या मजुरीची भरपाई शिष्यवृत्तीत धरली पाहिजे, असं आम्ही आता देणगीदारांना सांगतो. बूट द्यायला लोक लगेच तयार होतात. मजुरी म्हटलं की विचार करून कळवतो म्हणतात.

तरी एकाने कळवलं. लाल रिबिनीवाली आता बारावी झाली आहे, अठरा पूर्ण. मुलींच्या बॅचचा अर्ज भरून झाला, नाव प्रतीक्षायादीत आहे. पोशाखाच्या मापाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस चर्चा चालली होती. तिने शेवटी टेलरकाकांकडून टेपच मागून आणली. वडिलांची सही झाली आहे. आईचं अजून म्हणणं आहे की एवढ्या लांब एकटीने रेल्वेने जायचं नाही, आणि सोबत कोण जाणार ते ठरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.